बोअरच्या पाण्याचा पीएच ८.२ : नव्या टाकीत तो नैसर्गिकरीत्या कसा उतरवावा?

प्रश्न
पुण्यात आमच्या सोसायटीला बोअरचे पाणी येते. दोन फुटी, साधारण ५५ लिटरची टाकी नुकतीच मांडली असून तळाला पांढरी खडी आहे. मासे अद्याप सोडलेले नाहीत. थेंबांच्या चाचणीत पीएच ८.२ येतो. निऑन टेट्रा पाळण्याचा विचार आहे. बाटलीतली रसायने न वापरता बदामाची पाने किंवा लाकडाचा ओंडका टाकून पीएच ७ च्या आसपास आणता येईल का?

प्रतिसाद १
देशी बदामाची झाडावरून आपोआप गळालेली, पूर्ण वाळलेली पाने घ्यावीत. हिरवी नकोत आणि फवारणी झालेल्या झाडाचीही नकोत. स्वच्छ धुऊन दोन-तीन पाने सोडली की त्यांतील टॅनिन उतरून पाणी कोऱ्या चहासारखे दिसू लागते व पीएच हळूहळू खाली येतो. ओंडका उकळून, बुडेपर्यंत भिजत ठेवावा.

प्रतिसाद २
पाने माशांना मानवतात हे खरे, पण बोअरच्या पाण्यात केवळ त्यांच्या भरवशावर पीएच उतरेल असे मला वाटत नाही. आपल्याकडील काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते, आणि पानांतून येणारे थोडेसे आम्ल ते सहज पचवून टाकते. म्हणून पीएचच्या आधी केएच, म्हणजे कार्बोनेट कठीणपणा, मोजावा. बाटलीतल्या औषधानेही हेच घडते: संध्याकाळी उतरलेला पीएच एक-दोन दिवसांत पुन्हा चढतो, आणि ही चढउतार माशांना स्थिर ८.२ पेक्षा अधिक बाधते.

त्याहीपूर्वी खडी तपासा. मूठभर खडी वाटीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओतावे. बारीक बुडबुडे फसफसले तर ती संगमरवरी किंवा चुनखडीची आहे आणि टाकीत राहिली तर पाण्याचा कठीणपणा वाढवतच राहील.

केएच खरोखर उतरवायचा असेल तर आरओचे पाणी मिसळणे हाच खात्रीचा मार्ग आहे. निम्मे-निम्मे मिसळल्यास केएच जवळपास निम्मा होतो. मात्र यंत्राच्या सांडपाण्याच्या नळीतले पाणी वापरू नका. ते मूळ पाण्याहूनही कठीण असते. दर वेळी पाणी बदलताना प्रमाण तेच ठेवावे आणि मिश्रण बादलीत करूनच टाकीत ओतावे. केएच ३ च्या खाली नेऊ नये, कारण अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू याच क्षारांचा साठा खर्च करतात आणि तो संपला की पीएच एकाएकी कोसळतो.

प्रतिसाद ३
घाई करू नये, एवढेच जोडतो. टाकी सायकल व्हायला, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू तिच्यात पुरेसे वाढायला, सहसा चार ते सहा आठवडे लागतात आणि ते जिवाणू ८ च्या आसपासच्या पीएचला उत्तम वाढतात. मासे सोडल्यावर मात्र चित्र बदलते: २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, तर ८ ला सुमारे पाच टक्के. त्यामुळे अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याखेरीज मासे आणू नयेत. माझे मत विचाराल तर या पाण्यात गप्पी, मॉली किंवा प्लॅटी कोणत्याही खटपटीविना सुखाने राहतील.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. व्हिनेगर ओतताच खडी फसफसली. केएच ११ आला. खडी काढून गारगोटीची वाळू घालत आहे. निऑनचा हट्ट सोडवत नाही, म्हणून सायकल पूर्ण झाल्यावर निम्मे आरओ मिसळून केएच ५-६ वर आणीन आणि पाने त्यानंतरच सोडीन.