मदत हवी आहे: क्वालिटी स्कोअर ४ वरून हलत नाही

गच्चीराखा: पुण्यात वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. पावसाळा तोंडावर आलाय आणि गूगल अ‍ॅड्सचा क्लिक फार महाग पडतोय. क्वालिटी स्कोअर (गूगलने दिलेला १० पैकी गुण) ४. वेबसाइटचं पान नुकतंच नवं करून घेतलंय, दिसायला छान आहे. काय बदलू? लवकर सांगा.

मोजपट्टी: कुठल्या कीवर्डचा (ज्या शोधशब्दावर जाहिरात दाखवता त्याचा) ४? स्कोअर कीवर्डागणिक असतो. कीवर्डच्या तक्त्यात कॉलम वाढवून तिन्ही घटक बघा: अपेक्षित सीटीआर (जाहिरात दिसलेल्यांपैकी किती जण क्लिक करतील), जाहिरातीची सुसंगती, लँडिंग पेज एक्स्पीरियन्स (क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाचा अनुभव). आणि जाहिरातीची लिंक कुठे उघडते?

गच्चीराखा: 'टेरेस वॉटरप्रूफिंग पुणे'. पहिले दोन अ‍ॅव्हरेज, तिसरा बिलो अ‍ॅव्हरेज. लिंक होमपेजवरच, आणखी कुठे?

लेखणी: ब्लॉग सुरू करा. आठवड्याला दोन लेख टाकलेत तर हळूहळू वर याल.

मोजपट्टी: ते फुकटच्या रँकिंगसाठी. इथे प्रश्न जाहिरातीचा आहे. गच्चीराखा, गच्ची गळतेय म्हणून आलेल्या माणसाला तुमच्या होमपेजवर बाथरूम, बेसमेंट, रंगकाम सगळं एकदम दिसतं. गच्चीचं पान वेगळं करा. जुना ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) उखडणार की त्यावरच कोटिंग करणार, चौरस फुटाचा दर कशावर ठरतो, पाणी तुंबवून चाचणी किती तास, वॉरंटीत काय येतं, हे स्पष्ट लिहा. फॉर्मात नाव, मोबाइल, परिसर एवढंच.

कीवर्डकट्टा: प्रत्येक कीवर्डला स्वतंत्र पान हवं. मथळा शब्दशः जुळला पाहिजे.

मोजपट्टी: नाही पटत. 'गच्ची गळती' आणि 'टेरेस लीकेज' शोधणाऱ्याची गरज एकच, पानही एकच पुरे. बाथरूमचं मात्र वेगळं, कारण तिथे पहिला प्रश्न 'टाइल्स न फोडता होईल का' हा असतो.

वेगमापक: मोबाइलवर पेजस्पीड इनसाइट्स (गूगलचं पानाचा वेग मोजायचं साधन) काय दाखवतंय?

गच्चीराखा: एलसीपी (पानावरचा सर्वात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) ६.८ सेकंद. वर पाच फोटोंचा स्लायडर आहे, पहिलाच फोटो ३ एमबीचा. उघडताच सवलतीचा पॉपअपही येतो.

वेगमापक: मग दुखणं तिथेच आहे! स्लायडर आणि पॉपअप दोन्ही काढा. एकच फोटो, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये, १५० केबीच्या आत. त्या वरच्या फोटोला लेझी लोडिंग लावू नका, ब्राउझर तो उशिरा मागवतो आणि एलसीपी उलट वाढतो. एलसीपी २.५ सेकंदांच्या आत हवा, सीएलएस (पान उघडताना मजकूर किती सरकतो त्याचं माप) ०.१ च्या आत. प्रत्यक्ष वापरकर्त्यांचे आकडे मागच्या २८ दिवसांचे असतात, तेव्हा दुसऱ्याच दिवशी ते हलले नाहीत म्हणून परत उलटापालट करू नका.

हिशेबनीस: सगळेच स्कोअरच्या मागे लागलात. तो आकडा जाहिरातींच्या लिलावात वापरतच नाहीत, नुसतं निदान आहे. कॉलच्या बटणावर कन्व्हर्जन ट्रॅकिंग (किती क्लिकमधून खरे कॉल आले याची नोंद) लावलंय का?

मोजपट्टी: आकडा वापरत नसतील, पण लँडिंग पेजचा दर्जा अ‍ॅड रँकमध्ये (जाहिरातीचं स्थान ज्यावर ठरतं त्यात) धरतातच. बाकी ट्रॅकिंगचं बरोबर, ते आधी लावा.

गच्चीराखा: नाही लावलेलं, आज लावतो. वॉट्सअ‍ॅपचं बटण खाली चिकटवून ठेवलं तर चालेल?

वेगमापक: चालेल. फक्त ते 'पाठवा' बटणावर चढत नाही ना, हे लहान स्क्रीनच्या फोनवर कीबोर्ड उघडा ठेवून तपासा.