आइस हॉकी अमेरिकेत नक्की किती चालते? ऑफिसात तर कुणी नाव काढत नाही

एडिसनचा_नवखा

नमस्कार मंडळी, पुण्याहून न्यू जर्सीत येऊन दीड वर्ष झालं. आमच्या ऑफिसात सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी फक्त एनएफएल (इथल्या अमेरिकन फुटबॉलची लीग) चालतं, हिवाळा संपत आला की बास्केटबॉल, उन्हाळ्यात बेसबॉलचे यांकीज की मेट्स यावरून भांडणं. मला तर फँटसी फुटबॉलच्या लीगमध्येही ओढलंय, नियम धड कळत नसताना तिसरा आलो ती गोष्ट वेगळी. पण जिथे तिथे वाचतो की अमेरिकेचे चार मोठे खेळ म्हणजे फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि आइस हॉकी. आता पहिले तीन मान्य. हॉकीबद्दल दीड वर्षात एक माणूस बोललेला ऐकला नाही मी. मग ही चौथी कशाच्या जोरावर?

विचारायचं कारण, साहेबांनी पुढच्या शनिवारची डेव्हिल्स या इथल्या हॉकी टीमच्या मॅचची दोन तिकिटं दिलीयत, त्यांना जमत नाहीये म्हणून. तयारी म्हणून टीव्हीवर एक मॅच लावली तर पक, म्हणजे त्यांची चेंडूच्या जागची चकती, दिसतच नाही हो. गोल झाला हे सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले की मगच कळतं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणे, अरे वा, आपली हॉकी तिकडे पण खेळतात? म्हटलं आई, बर्फावर. तर म्हणाली, मग पडत नाहीत का? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सेंटपॉलचा_सदू

दादा, तुम्ही चुकीच्या ऑफिसात आहात एवढंच. इकडे मिनेसोटात या. मार्चमध्ये शाळांच्या पोरांची राज्य स्पर्धा असते, हायस्कूलची बरं का, कॉलेजची पण नाही, आणि त्याला एनएचएलचं, म्हणजे मोठ्या हॉकी लीगचं, अख्खं स्टेडियम भरतं, टीव्हीवर लाइव्ह दाखवतात, ऑफिसात कामं बंद. आधी खेळाडूंची ओळख करून देतात तेव्हा ती पोरं मानेपर्यंत वाढवलेले केस उडवत कॅमेऱ्यासमोरून जातात, त्या केसांची पण वेगळी चर्चा असते. बाहेरच्या माणसाला वेड्यांचा बाजार वाटेल. मलाही वाटला होता पहिल्या वर्षी.

आता माझी स्वतःची मुलगी खेळते, वय ९. रिंकवर बर्फाची वेळ मिळते सकाळी साडेपाचला कारण संध्याकाळच्या वेळा मोठ्या मुलांना. बाहेर उणे वीस, गाडीत हीटर लावलेला, आणि मागच्या सीटवर ती बॅग. त्या बॅगेचा वास म्हणजे काय सांगू, ओला टॉवेल आठवडाभर डब्यात कोंबून ठेवल्यासारखा, गाडी विकली तरी जायचा नाही. रिंकवर गेलं की गुडघ्यावर बसून तिच्या स्केट्सच्या नाड्या आवळायच्या, सैल राहिल्या तर घोटा वाकतो, घट्ट झाल्या तर ती रडते, माझी बोटं तोवर बधिर. शिवाय खर्च. स्केट्स, हेल्मेट, पॅड, काठी, आणि हे सगळं दर वर्षी आखूड होतं कारण पोर वाढतं. वर बर्फाचं भाडं. हौसेला मोल नाही म्हणतात पण इथे मोलाची पावती महिन्याच्या महिन्याला येते.

आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. बास्केटबॉलला एक चेंडू आणि गल्लीतली एक रिंग पुरते. हॉकीला बर्फ लागतो, पैसा लागतो आणि पहाटे उठणारा एक बाप लागतो. जो खेळ लहानपणी खेळलाच नाही तो मोठेपणी टीव्हीवर कोण बघणार?

आकडेमोड_आबा

सदूभाऊंनी भावनेचं सांगितलं, मी जरा हिशेब मांडतो.

२०१७ च्या शेवटी गॅलप या सर्वेक्षण कंपनीने लोकांना विचारलं होतं की बघायला सगळ्यात आवडता खेळ कुठला. फुटबॉल ३७ टक्के, बास्केटबॉल ११, बेसबॉल ९, सॉकर (म्हणजे आपला फुटबॉल) ७ आणि आइस हॉकी ४. म्हणजे तुमची शंका रास्त आहे, सॉकरसुद्धा पुढे. टीव्हीचे पैसे बघा. एनएफएलने २०२१ मध्ये केलेले करार ११ वर्षांचे, साधारण ११० अब्ज डॉलरचे. एनबीएचा, म्हणजे बास्केटबॉल लीगचा, नवा करार ११ वर्षांचा, ७६ अब्जांच्या आसपास. एनएचएलला अमेरिकेतल्या दोन चॅनेल गटांकडून मिळून वर्षाला साधारण साडेबासष्ट कोटी डॉलर. फुटबॉलच्या तुलनेत चिल्लर.

पण आता स्टेडियममध्ये चला. एनएचएलच्या मॅचला सरासरी १७ हजारांच्या वर लोक असतात, एनबीएला १८ हजारांच्या आसपास. फरक काहीच नाही! आणि हे वर्षाला चाळीसच्या वर घरच्या मॅच, आणि तिकिटं काही स्वस्त नाहीत. म्हणजे टीव्हीवर दहावा हिस्सा पण नाही आणि खुर्च्या मात्र जवळपास बरोबरीने भरलेल्या. हे कोडं सुटलं की सगळं सुटलं. लोक हॉकी बघत नाहीत असं नाही, लोक फक्त आपल्या गावची हॉकी बघतात. डेट्रॉईटचा माणूस आपल्या रेड विंग्ज टीमसाठी जीव टाकेल पण डलास विरुद्ध कोलोरॅडो लागली तर चॅनेल बदलेल. फुटबॉलवाला मात्र कुठल्याही दोन टीम असल्या तरी बघतो, कारण फँटसी आहे, बेटिंग आहे, आठवड्याला टीमची एकच मॅच आहे आणि रविवारी दुसरं काम नाही.

अजून एक गोम. ३२ पैकी ७ टीम कॅनडाच्या. कॅनडाची टीम फायनलला आली की त्या शहरातले प्रेक्षक अमेरिकेच्या मोजणीत धरतच नाहीत. २०२५ ची फायनल फ्लोरिडा विरुद्ध एडमंटन होती, इकडे सरासरी २५ लाखांच्या आसपासच प्रेक्षक दिसले आणि लगेच हॉकी मेली म्हणून बोंबाबोंब. अरे अर्धी वरात सीमेपलीकडे नाचतेय, ती मोजा ना. (तरी सुपर बोलचे, म्हणजे फुटबॉलच्या फायनलचे, त्याच वर्षीचे १२ कोटी ७७ लाख, त्याच्यापुढे हे काहीच नाही हे कबूल.)

पेठेतला_पैलवान

मी कोल्हापूरचा, सध्या डेट्रॉईटजवळ. आबांचं वाचून एकच डोक्यात आलं बघा, हे आमच्या फुटबॉलसारखं झालं. महाराष्ट्रात फुटबॉल कोण बघतं विचारा, कुणी नाही. आणि कोल्हापुरात पाटाकडील विरुद्ध खंडोबा मॅच असली की शाहू स्टेडियमवर मुंगीला जागा नाही, पेठेत दोन दिवस त्याच गप्पा, पुण्यातल्या माणसाला त्याचा पत्ताच नसतो. मग कोल्हापुरात फुटबॉल लोकप्रिय आहे का नाही? तसलंच हे.

इकडे प्रेक्षक ऑक्टोपस फेकतात बर्फावर, खरंच सांगतोय. १९५२ ला कुणा मासळीवाल्याने सुरू केलं, तेव्हा स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलची ट्रॉफी, जिंकायला आठ मॅच जिंकाव्या लागायच्या म्हणून आठ पायांचा ऑक्टोपस. आता सोळा जिंकाव्या लागतात पण परंपरा म्हणजे परंपरा, सोळा पायांचं जनावर कुठनं आणणार. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं हे काय, तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी तांबड्या रश्श्यात साखर मागितली.

आणि त्या पकचं म्हणाल तर ही तक्रार तुमची एकट्याची नाही ओ. १९९६ मध्ये फॉक्स चॅनेलने पकच्या आत इलेक्ट्रॉनिक्स बसवून टीव्हीवर त्याच्याभोवती निळा उजेड दाखवायला सुरुवात केलेली, जोरात मारला की मागं लाल शेपूट. नवख्यांना बरं वाटलं, जुने लोक एवढे भडकले की १९९८ नंतर बंद. तीन इंच व्यासाचा, एक इंच जाडीचा काळा रबर, ताशी दीडशे किलोमीटरनी जाणारा, तो कॅमेऱ्यात काय डोंबल दिसणार.

टॅम्पाची_टवाळ

सगळे थंडीवालेच बोलतायत म्हणून मी लिहिते. ‘हॉकी फक्त उत्तरेत’ हे फार जुनं झालं हो. १९८८ मध्ये वेन ग्रेट्झकीला, त्या काळच्या सगळ्यात मोठ्या स्टारला, एडमंटनने लॉस एंजेलिसला विकलं तिथून हे बदललं. तेव्हा अख्ख्या कॅलिफोर्नियात एक टीम होती, पाच वर्षांत तीन झाल्या. आमच्या फ्लोरिडात दोन टीम आहेत आणि २०२०, २०२१, २०२४, २०२५ चारही वर्षं कप इथेच आला. त्यातल्या पँथर्सची २०२४ ची मिरवणूक फोर्ट लॉडरडेलच्या समुद्रकिनाऱ्यावर निघाली, नारळाची झाडं आणि धो धो पाऊस, बर्फाचा औषधालाही पत्ता नाही. आणि कॅनडाने कप शेवटचा बघितला १९९३ मध्ये! पिकतं तिथे विकत नाही तसं झालंय बिचाऱ्यांचं.

व्हेगासची टीम तर पहिल्याच मोसमात फायनलला गेली २०१८ ला आणि २०२३ ला जिंकली. वाळवंटात.

आकडेमोड_आबा

ताई, वाळवंटाचं नाव काढलंत म्हणून ॲरिझोना पण सांगा की. तिथली टीम शेवटची दोन वर्षं एका युनिव्हर्सिटीच्या पाचेक हजारांच्या रिंकवर खेळत होती, पाहुण्याच्या घरी ओसरीवर झोपावं तशी, आणि २०२४ ला चंबूगबाळं उचलून यूटाला गेली. अटलांटाच्या दोन टीम गेल्या, १९८० ला एक, २०११ ला दुसरी, दोन्ही कॅनडात.

टॅम्पाची_टवाळ

गेली ना, पण त्याच ॲरिझोनात वाढलेला ऑस्टन मॅथ्यूज एनएचएलच्या २०१६ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिला निवडला गेला. लहानपणी त्याच टीमच्या मॅच बघून खेळाकडे वळलेला. टीम तोट्यात गेली म्हणून पोरांनी खेळायचं सोडलं असं होत नाही आबा. तुमच्या वहीत हे कुठल्या रकान्यात लिहिता?

सेंटपॉलचा_सदू

भांडू नका रे 😄 माझा मुद्दा वेगळाच आहे. हॉकीला चेहरा नाही. बास्केटबॉलचा लेब्रॉन ४८ मिनिटांतली पस्तीस-छत्तीस मिनिटं मैदानावर असतो, घामेजलेलं तोंड सतत कॅमेऱ्यात. हॉकीतला मोठ्यातला मोठा स्टार ६० पैकी वीस-बावीस मिनिटं खेळतो, एका वेळी ४५ सेकंद की बदली, आणि तेवढ्यात पण डोक्यावर हेल्मेट. मुलाखत घेतली तर सगळ्यांचं एकच पाठांतर, टीमने छान खेळ केला, पक जाळ्यात टाकत राहायचं, एकेका मॅचचा विचार करायचा. आपल्याकडे सत्कार समारंभात उत्तर देतात तसं. मॅकडेव्हिड आज जगातला सगळ्यात भारी खेळाडू, तो तुमच्या एडिसनच्या किराणा दुकानात रांगेत उभा राहिला तर कुणी वळून बघणार नाही.

उलट देश विरुद्ध देश झालं की बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये चार देशांची स्पर्धा झाली, अमेरिका-कॅनडाच्या पहिल्या मॅचमध्ये ९ सेकंदांत ३ मारामाऱ्या. फायनल ९३ लाख लोकांनी इकडे बघितली. १९८० ला लेक प्लॅसिडला कॉलेजच्या पोरांनी सोव्हिएत रशियाला हरवलं ते आमच्या ऑफिसातले साठीचे लोक अजून डोळ्यांत पाणी आणून सांगतात. त्यातल्या निम्म्यांना आज एनएचएलमधले दहा खेळाडू सांगता येणार नाहीत.

एडिसनचा_नवखा

वाचतोय सगळं, भारी चाललंय. एक खात्री करायची होती, नुसतं हॉकी म्हटलं की इथे बर्फावरचीच ना? ऑफिसात ‘भारताला हॉकीत आठ ऑलिंपिक सुवर्णपदकं आहेत’ म्हणून छाती फुगवून सांगितलं तर समोरचा गोंधळला.

टॅम्पाची_टवाळ

हो, बर्फावरचीच. आपली ती इथे ‘फील्ड हॉकी’, आणि शाळा-कॉलेजात ती मुख्यतः मुली खेळतात. तो बिचारा भारतात हिमनदीवर पदकं जिंकली असं समजला असणार. कॅनडात मात्र आपल्या लोकांनी ही हॉकी आपलीशी केलीय, २००८ मध्ये पंजाबीत कॉमेंट्री सुरू झाली. २०१६ च्या फायनलमध्ये बोनिनो नावाच्या खेळाडूने गोल केल्यावर कॉमेंटेटरने ‘बोनिनो बोनिनो बोनिनो’ असा जो सूर लावला तो पिट्सबर्गपर्यंत गाजला. मराठीत कधी होईल देव जाणे, पण झालीच तर ऑक्टोपससाठी आमच्या पेठेतल्या पैलवानालाच घ्या.

पेठेतला_पैलवान

शनिवारसाठी: एडिसनहून ट्रेनने नेवार्क पेन स्टेशन, तिथनं चालत. स्वेटर न्या. अगदी काचेजवळची सीट भारी वाटते पण पहिल्यांदा जरा वर बसलेलं बरं, अख्खा रिंक दिसतो. पक बघू नका, माणसं बघा, माणसं ज्या बाजूला पळतात तिकडं पक असतो. पॉवर प्ले म्हणाले की क्रिकेटमधला नव्हे, समोरच्याचा एक गडी शिक्षा भोगत डब्यात बसलाय असं समजायचं.

एडिसनचा_नवखा

जाऊन आलो काल. एक तर टीव्हीवर तो आवाजच येत नाही हो. स्केट्स वळताना बर्फ खरवडल्याचा, आणि कुणी काचेवर आदळला की सगळी काच थरथरते, माझ्या हातातली बीअर अर्धी सांडली. पैलवान, माणसं बघा म्हणालात ते अगदी बरोबर, दुसऱ्या पिरियडपासून पक दिसायला लागला. शेजारी एक आजोबा होते, टीम १९८२ ला कोलोरॅडोहून इकडे आली त्या वर्षापासून येतायत म्हणे. मी विचारलं एवढं आहे तर ऑफिसात कुणी बोलत का नाही, तर म्हणाले इथल्या इथे रेंजर्स, आयलँडर्स, डेव्हिल्स, तीन टीम, बोलायला जावं तर समोरचा शत्रू निघतो म्हणून गप्प बसतो आम्ही.

साहेबांना आज मेसेज केला की मजा आली, तर त्यांनी लगेच विचारलं पुढच्या महिन्यात येतोस का, म्हणजे हे इतके दिवस लपून बघत होते! आईला व्हिडिओ पाठवले. खेळाबद्दल एक अक्षर नाही. मधल्या सुट्टीत तो बर्फ तासून पाणी टाकत फिरणारा ट्रॅक्टर असतो ना, झांबोनी, तो तिला प्रचंड आवडलाय. मागे कशी चकचकीत लादी पुसल्यासारखी होते म्हणाली. आता त्याचा जवळून काढलेला वेगळा व्हिडिओ हवाय, मावशीला पाठवायला.