भीमाशंकरला रात्री चमकणारं जंगल बघायला जाणं बंद करायला हवं का?

कोथरूडचा_भटक्या: परवाच्या शनिवारी शिवाजीनगरहून एका ग्रुपबरोबर गेलो होतो, ग्रुपचं नाव घेत नाही. पन्नासेक माणसं आणि प्रत्येकाच्या डोक्याला हेडलॅम्प! आता हा उजेड असतो बुरशीचा, पावसात कुजक्या ओल्या लाकडावर वाढते ती, आणि तो इतका मंद असतो की अंधारात पंधरा-वीस मिनिटं गप बसल्याशिवाय नीट दिसतच नाही. फोटोत हिरवंगार दिसतं कारण कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवतात. हे कुणी सांगितलंच नव्हतं, मग काय, कुठंय कुठंय करत सगळे टॉर्च मारत पालापाचोळ्यात घुसले. एकाने चमकणारा तुकडा मोडून पिशवीत टाकला, घरी दाखवायला म्हणे, म्हटलं बाबा रे वाळला की विझणार तो. माझं मत, रात्रीचे ट्रेक सरळ बंद. मी स्वतः पैसे भरून गेलो होतो, तेव्हा घाला शिव्या.

घाटवाट: शिव्या नाही, पण श्रावणात देवळाकडे गाड्यांची रांग लागते, प्लास्टिक काय, हॉर्न काय, ते चालतं आणि जंगल आठवतं ते फक्त पाठीवर सॅक दिसली की. वा रे न्याय. स्वतः बघून झालं आणि आता दार लावा?

रानमोगरा: @घाटवाट देऊळ अभयारण्याच्या कितीतरी आधीचं आहे हो. अभयारण्य १९८५ चं, १३० चौरस किलोमीटरच्या आसपास, तेही मुख्यतः शेकरूसाठी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्याला परवाना लागत नाही, रस्ता सोडून आत शिरणाऱ्याला लागतो, फरक तो आहे. शेकरू दिवसा हिंडतं आणि रात्री घरट्यात झोपतं, त्याच्या झाडाखाली पन्नास जणांनी ओरडायचं कशाला? कचऱ्याचं मात्र बरोबर बोललात.

आंबेगावकर: आमचं गाव जंगलाला लागूनच आहे. हिरडा वेचून घरात किती पैसा येतो ते एकदा येऊन बघा. पावसाळ्यात पोरं वाटाड्या म्हणून जातात, घरची बाई भाकरी करून घालते, दोन पैसे मिळतात. बंद करा म्हणायला पुण्यातनं सोपं आहे, तुम्ही पुढच्या शनिवारी लोणावळ्याला जाल, आम्ही कुठं जाणार. पन्नास माणसं आम्हालापण नकोत. दहा माणसांमागं गावचा एक माणूस द्या आणि तो सांगंल तिथंच बसायचं.

कोथरूडचा_भटक्या: दादा दहाचं पटलं, पण ते मोजणार कोण? आमच्या लीडरला तर परत निघताना आपली माणसं किती हेच सांगता येईना.

रानमोगरा: हेडलॅम्पवर लाल जिलेटिन पेपर लावायला सांगा, चालण्यापुरतं दिसतं आणि अंधाराला सरावलेले डोळे फारसे बिघडत नाहीत.

घाटवाट: आणि मोबाइल?

आंबेगावकर: त्याला कुठं रेंज आहे हितं.

घाटवाट: टॉर्चला रेंज लागत नाही काका 😄