सेटएन्फोर्स ० : उपाय की पळवाट?

काळी_खिडकी
काल एका क्लायंटचा सर्व्हर रीबूट झाला आणि साइटवर ४०३ (पान बघायला मनाई). फाइलींच्या परवानग्या ६४४ (सगळ्यांना वाचता येतील अशा), मालक बरोबर, वेबसर्व्हर अपाचेची कॉन्फिग बरोबर. शेवटी 'एलएस -झेड' मारून एसईलिनक्सची लेबलं बघितली (एसईलिनक्स म्हणजे लिनक्समधला जादा पहारेकरी; कुठल्या प्रोग्रॅमने कुठल्या लेबलाची फाइल उघडायची हे तो 'पॉलिसी'तल्या नियमांवरून ठरवतो). कोणीतरी होम फोल्डरमधून फाइली 'एमव्ही' करून (म्हणजे हलवून) आणलेल्या. एमव्ही जुनं लेबल सोबत घेऊन येतं (सीपी, म्हणजे कॉपी केलं असतं तर नव्या जागेचं लागलं असतं), आणि होमचं लेबल असलेली फाइल एसईलिनक्स अपाचेला वाचू देत नाही. 'रिस्टोरकॉन' मारून लेबल जागेप्रमाणे केलं, सुटलं. आधीच्या माणसाच्या वहीत मात्र उपाय होता: "सेटएन्फोर्स ०", म्हणजे एसईलिनक्सची अडवणूकच बंद. तो रीबूटपर्यंतच टिकतो, म्हणून भूत परत आलं.

माझं म्हणणं, ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्यानेच त्याची पॉलिसी लिहावी. आपला डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) कुठली फाइल उघडतो, कुठल्या पोर्टवर बसतो, हे ॲडमिनने लॉग चाळून का शोधायचं?

रात्रपाळी
साफ असहमत. आमची आठ जणांची कंपनी. एका डीमनच्या पॉलिसीसाठी टीई (नियम), एफसी (फाइलींची लेबलं), आयएफ (इतर पॉलिसींसाठी इंटरफेस) अशा तीन फाइली, वर एम४ या मॅक्रो-भाषेतले मॅक्रो. हे शिकायला वेळ कोण देतो? मग पोरं 'ऑडिट२अलाव' चालवतात. लॉगमध्ये जे जे नाकारलं गेलं, त्या सगळ्याला परवानगी. दाराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली! त्यापेक्षा बंद असलेलं बरं, निदान भ्रम तरी राहत नाही.

चिकूची_वाडी
एसईलिनक्सऐवजी ॲपआर्मर वापरा की. उबंटूत आधीपासून असतं. नियम फाइलच्या पत्त्यावर, लेबलाची भानगडच नाही. प्रोफाइल (त्याची नियमांची फाइल) वाचून कळतं तरी.

काळी_खिडकी
@चिकूची_वाडी, वाचायला सोपं, मान्य. पण त्याच फाइलला दुसरीकडून हार्डलिंक केली (म्हणजे दुसरं नाव दिलं) की पत्ता बदलतो. लेबल फाइलला चिकटलेलं असतं, नावाला नाही.

@रात्रपाळी, २०१९ची रनसीची (कंटेनर, म्हणजे वेगळ्या कप्प्यातले प्रोग्रॅम, चालवणाऱ्या साधनाची) चूक आठवते? कंटेनरमधला रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) बाहेरच्या यजमान मशीनवरची रनसीची बायनरीच बदलू शकत होता. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ वर एसईलिनक्स चालू असेल तर ते लिखाण लेबलावरच अडत होतं. वहीतल्या उपायाने काय अडलं असतं?

बिनतारी
मी फोनच्या बाजूचा. अँड्रॉइड ४.३ मध्ये एसईलिनक्स नुसतं लॉग करायचं, ४.४ मध्ये मोजक्या डीमनना लागू झालं, ५.० पासून सगळ्यांना. आता नवी सर्व्हिस लिहिली की पॉलिसी आम्हीच लिहितो. 'नेव्हरअलाव'चा (ही परवानगी कधीच द्यायची नाही असा) नियम मोडला तर बिल्डच होत नाही. पहिले दोन महिने शिव्या घातल्या, आता हात बसला. त्यामुळे धागाकर्त्याला +१.

रात्रपाळी
तुमच्या डोक्यावर गूगल बसलंय, म्हणून लिहिता. आमच्या डोक्यावर शुक्रवारची रिलीज.

काळी_खिडकी
बरं, सगळं बंद करू नका. 'सेमॅनेज परमिसिव्ह -ए' देऊन फक्त तुमच्या डीमनचं डोमेन (चालू प्रोग्रॅमला लागलेलं लेबल) सैल सोडा. त्याचं नाकारणं नुसतं लॉगला जाईल, बाकीची मशीन बंदोबस्तात. आठवड्याने लॉग बघून पॉलिसी लिहा.

रात्रपाळी
हे माहीत नव्हतं. सोमवारी करून बघतो. पण आठवड्याने ते परत आवळायचं कोणी? आमच्याकडे तो माणूसही मीच.