मदत हवी आहे: 12345678987654321 या संख्येचे शेवटचे अंक जुळत नाहीत

सिडको_नाशिक: मुलीला राष्ट्रीय गणित दिनासाठी, म्हणजे 22 डिसेंबरसाठी, तक्ता करायचा असून तो उद्या सकाळीच द्यायचा आहे. 111111111 चा वर्ग 12345678987654321 येतो आणि त्याला 81 ने नि:शेष भाग जातो, असे तिच्या बाई सांगतात. मला मात्र शेवटी 321 ऐवजी 300 मिळते. खरे काय, ते कृपया लवकर सांगावे.

गोदातीर: गुणाकार कशावर केलात, ते लिहिलेले नाही. विषम संख्येचा वर्ग विषमच असतो, त्यामुळे 300 हे उत्तर असूच शकत नाही.

देवळालीकर: तक्ता नाशिकमध्ये होतो आहे, तर 6174 घ्यावा असे मी आग्रहाने सुचवतो. देवळालीला शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांचा हा शोध आहे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करा आणि हीच कृती पुन्हा करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येते.

सिडको_नाशिक: 6174 दुसऱ्या गटाकडे आहे. गुणाकार संगणकावर, स्प्रेडशीटमध्ये केला.

अंकमित्र: कारण तेच आहे. स्प्रेडशीट पहिले 15 सार्थ अंक दाखवते आणि पुढे शून्ये भरते; आपली संख्या 17 अंकी आहे. चौकटीच्या कागदावर नऊ ओळींचा गुणाकार मांडा, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवा. उजवीकडून पहिल्या स्तंभात एक 1, दुसऱ्यात दोन, असे वाढत नवव्यात नऊ 1 येतात आणि मग उतरण लागते. बेरीज कुठेही 9 च्या वर जात नसल्याने हातचा येत नाही आणि म्हणूनच ही सुंदर रचना टिकते. दहा एकांचा वर्ग मात्र 1234567900987654321 येतो, कारण मधल्या 10 चा हातचा शेजारच्या 9 ला 10 करतो, त्याचा हातचा 8 ला 9 करतो आणि 8 नाहीसा होतो. तक्त्यात हे अवश्य दाखवावे. अंकांची बेरीज 81 आहे, म्हणून 81 ने भाग जातो.

गोदातीर: शेवटच्या वाक्याला माझा ठाम आक्षेप आहे. 1899 च्या अंकांची बेरीज 27 आहे, तरी 27 ने भागल्यास 9 उरतात. अशी कसोटी 3 आणि 9 यांनाच लागू पडते. येथे 111111111 = 9 × 12345679 आहे, म्हणून त्याच्या वर्गाला 81 ने भाग जातो आणि भागाकार 152415789971041 येतो.

देवळालीकर: अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना हर्षद संख्या हे नाव कापरेकरांनीच दिले आहे, तेव्हा त्यांचा उल्लेख तक्त्यात हवाच.

सिडको_नाशिक: कागदावर 321 मिळाले, सर्वांचे आभार. 12345679 चे आणखी अवयव पडतात का?

गोदातीर: होय, 37 × 333667, दोन्ही मूळ संख्या आहेत.