‘उत्पन्न परिणाम’: उत्पन्न बदललंच नाही, मग परिणाम कसला?

प्रश्न : सूक्ष्म अर्थशास्त्र मराठीतून वाचतोय. किंमत उतरली की ‘उत्पन्न परिणाम’ आणि ‘पर्यायी परिणाम’ होतात, असं दिलंय. पहिल्यांदा मी ते ‘उत्पन्न झालेला परिणाम’ असंच वाचलं! उत्पन्न म्हणजे मिळकत हे कळल्यावर घोळ आणखी वाढला. ग्राहकाची मिळकत तर तेवढीच आहे, बदललीय ती फक्त किंमत. आणि ‘पर्यायी’ म्हणजे काय, हे दोन परिणाम एकमेकांना पर्याय आहेत का?

प्रतिसाद : दोष तुमचा नाही. ‘उत्पन्न’ हे नामही आहे आणि ‘शंका उत्पन्न होते’ यातलं विशेषणही, त्यामुळे सुटं लिहिलं की वाचणारा फसतो. समास आहे, तर ‘उत्पन्नपरिणाम’ असं जोडून लिहावं. ‘पर्यायी परिणाम’ मात्र सरळ चूक. पर्याय वस्तूंना असतो, परिणामांना नव्हे. ‘पर्यायता परिणाम’ म्हणा. ‘प्रतिस्थापन’ही चालतं, पण मला ते जिभेला जड जातं.

आता मिळकतीचं. हातातल्या पैशाला ‘पैशातील उत्पन्न’ म्हणतात आणि त्या पैशात जेवढं येतं त्याला ‘वास्तव उत्पन्न’. किंमत उतरली की पहिलं जागच्या जागी राहतं, दुसरं वाढतं. समजा एकाकडे १२० नाणी आहेत. वस्तू ‘अ’ ६ नाण्यांना एक. तो १२ नग घेतो, ७२ नाणी जातात, उरलेली ४८ इतर गोष्टींवर. ‘अ’ची किंमत ४ झाली. जुनीच खरेदी आता ९६ नाण्यांत होते, म्हणजे न मागता २४ नाणी सुटली. ही २४ घटकाभर काढून घ्या. जुनी खरेदी त्याला अजूनही परवडते, तरी ‘अ’ स्वस्त दिसतेय म्हणून तो समजा १४ नग घेतो. हे वाढलेले २ नग म्हणजे पर्यायता परिणाम. आता २४ नाणी परत द्या. तो १७ वर गेला, तर हे ३ नग उत्पन्नपरिणाम. दोन्हींची बेरीज, ५ नग, म्हणजे किंमत परिणाम. ही फोड १९१५ मध्ये स्लुट्स्की या रशियन अर्थशास्त्रज्ञाने मांडली. हिक्स आणि ॲलन यांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. हिक्सच्या रीतीत जुनी खरेदी नव्हे, जुनं समाधान कायम ठेवतात, म्हणून आकडे थोडे वेगळे येतात.

प्रश्नकर्ता : आभारी आहे, ही २४ नाणी डोक्यात बसली. पण मग ‘निकृष्ट वस्तू’? माल वाईट म्हणून निकृष्ट?

प्रतिसाद : नाही! या शब्दाने सगळ्यात जास्त दिशाभूल केलीय. मिळकत वाढल्यावर जिची मागणी घटते ती निकृष्ट, बस्स. प्रतीचा संबंध नाही. पगार वाढल्यावर माणूस बस सोडून स्वतःची गाडी घेतो, तेव्हा त्याच्यापुरती बस ‘निकृष्ट’ ठरते. बिचारी बस वेळेवरच येत असते. आणि जो आजवर पायी जायचा, त्याची मिळकत वाढली की तीच बस त्याच्यासाठी ‘सामान्य’ वस्तू. ‘हलक्या प्रतीची वस्तू’ असं छापतात तेव्हा गैरसमज आणखी घट्ट होतो.

दुसरा प्रतिसाद : ‘उत्पन्नविमुख वस्तू’ म्हटलं तर?

प्रतिसाद : अर्थ चोख आहे. परीक्षेत लिहू नका, तपासणारा विमुख होईल.

प्रश्नकर्ता : आणि गिफेन वस्तू म्हणजे निकृष्टच ना?

प्रतिसाद : निकृष्ट, पण प्रत्येक निकृष्ट वस्तू गिफेन नव्हे. वरच्याच हिशेबात २४ नाणी परत मिळाल्यावर माणूस १४ वरून १३ वर आला, तर वस्तू निकृष्ट, पण स्वस्त झाल्यावर खप १२ चा १३, म्हणजे मागणीचा नियम (किंमत उतरली की खप वाढतो) शाबूत. तो ११ वर घसरला, म्हणजे स्वस्त होऊनही खप १२ हून कमी झाला, तर गिफेन. इथे उत्पन्नपरिणाम उलटा आणि शिवाय पर्यायता परिणामाहून मोठा असावा लागतो, म्हणून उदाहरणं विरळा. अर्थशास्त्रज्ञ मार्शलने आपल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ या ग्रंथाच्या १८९५ च्या आवृत्तीत गरिबांच्या पावाचा दाखला रॉबर्ट गिफेनच्या नावावर दिला, तेव्हापासून हे नाव चिकटलं. प्रत्यक्ष प्रयोगातला ठळक पुरावा २००८ चा, जेन्सन आणि मिलर यांचा : चीनच्या हुनान प्रांतात गरीब कुटुंबांना तांदूळ सवलतीत मिळू लागला, तर त्यांचा भात कमी झाला.

दुसरा प्रतिसाद : जाता जाता, ‘खप १२ चा १३’ याला ‘मागणी वाढली’ म्हणू नये. किंमतीमुळे झाला तो मागणीचा ‘विस्तार’. ‘वृद्धी’ म्हणजे किंमत तीच असताना मिळकत, आवड वगैरेंमुळे वाढलेली मागणी.