मदत हवी आहे: दोन मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म अकरा मिनिटांची झाली, आता आवरू कशी?

नमस्कार मंडळी,

धागा लांबणार आहे, आधीच माफी मागते.

गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही पाच जणांनी ठरवलं की गणपतीत चाळीच्या चौकात पडद्यावर दाखवायला दोन मिनिटांची फिल्म करायची. पैशाचा व्यवहार नाही. रविवारी लालबागला एका मित्राच्या खोलीवर बसायचं, बाकी आठवडाभर नोकरी सांभाळून आपापल्या घरी. गोष्ट एवढीच: गिरणगावातली खानावळ, दुसरी पाळी सुटून उशिरा आलेला एक कामगार, चूल विझत आलेली आणि आजीकडे एकाच भाकरीचं पीठ उरलेलं.

हिशोबही सोपा होता. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम ठेवायचं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. १२० सेकंदांना १४४०. पाच जणांनी आठवड्याला माणशी ४० काढली तर सव्वासात आठवडे. क्लीनअप (कच्च्या रेषा साफ करणं) आणि रंग धरून गणपतीच्या आत झालंच असतं.

तो गणपती गेला. पुढचाही तोंडावर आलाय.

सगळं सुरू झालं एका भाकरीपासून. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर टाकली की आधी कडेला एक छोटा फुगा येतो, तो सरकत मध्ये जातो आणि मग सगळी टम्म फुगते. सहा सेकंदांचा शॉट, ७२ चित्रं. आमच्यातल्या डोंबिवलीच्या मुलीने आईला रोज दोन भाकऱ्या जास्तीच्या करायला लावून मोबाइलवर शूटिंग केलं आणि तीन आठवडे तेवढंच काढत बसली. (घरचे भाकरी खाऊन कंटाळले, हे वेगळं.) शॉट इतका देखणा झाला की आम्ही तो इंटरनेटवर टाकला. आणि मग माणसं यायला लागली.

फुकट राबायला आलेल्या माणसाला नको कसं म्हणणार? एकाचे आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा खानावळवाल्या मावशीने महिनोन्‌महिने उधारीवर जेवू घातलं, असं ते सांगतात. आम्ही डोळे पुसले आणि संप गोष्टीत घेतला. दुसरीने गावकीची खोली आणली, जिथे रात्रपाळीचा माणूस आला की दिवसपाळीवाला उठून त्याला पथारी रिकामी करून देतो. तीही घेतली. मग एकाने ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ट्राम करून पाठवली. अप्रतिम ट्राम, घंटीसकट. आता मुंबईतली ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली आणि आमची गोष्ट १९८२ ची. पण एवढी मेहनत वाया कशी घालवायची, म्हणून आजीच्या तरुणपणाचा फ्लॅशबॅक लिहिला. लिहिणारी मीच, दोष दुसऱ्या कुणाचा नाही.

आजची स्थिती: अ‍ॅनिमॅटिक (फिल्मचा कच्च्या चित्रांचा, वेळेनुसार लावलेला आराखडा) अकरा मिनिटांचं आहे, म्हणजे ७९२० चित्रं. झालीत साधारण ३१००. यादीत नावं २७, नियमित काढणारे सहा. रेषा प्रत्येकाची वेगळी. एकाने वेळ वाचवायला आजीचं चालणं आडवं फ्लिप करून वापरलं, त्यामुळे चार शॉटमध्ये तिचा पदर उजव्या खांद्यावर आहे. हे आम्हाला रंग भरून झाल्यावर दिसलं. फायली इतक्या जड झाल्यात की दर शुक्रवारी करी रोडच्या पुलावर हार्डडिस्कची देवाणघेवाण चालते.

आता विचारायचं ते हे. कापाकापी करायची तर कुणाचं कापायचं, आणि ज्याचं कापलं त्याला तोंड कसं दाखवायचं? ध्वनीचं काम करायला एक व्यावसायिक माणूस तयार आहे, पण तो रीतसर पैसे घेईल. एकाला दिले तर बाकीच्या सव्वीस जणांना काय सांगू? आणि तिसरं, ज्याने झोप उडालीय: कुणाकडूनच काही लिहून घेतलेलं नाही. दोघं तर ग्रुप सोडून गेलेत, त्यांचे शॉट फिल्ममध्ये आहेत. वापरू शकतो का?

प्रतिसाद: काळाकोट

शेवटच्या प्रश्नापुरतं. कॉपीराइट कायदा १९५७. तुमच्याकडे कुणी नोकरीला नाही, कुणाला मोबदला नाही, त्यामुळे ज्याने चित्र काढलं तोच त्याचा मालक (कलम १७). हक्क घ्यायचे तर लेखी आणि सहीनिशी (कलम १९). त्यात मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून दोन्ही स्पष्ट लिहा. एक पान पुरे. गेलेल्या दोघांना आधी गाठा, नाव श्रेयनामावलीत राहील हे सांगा. सही नाही दिली तर ते शॉट नव्याने काढा. पार्श्वभूमीला भजन आहे का? अभंग तुकोबांचा असेल तर शब्दांवर कुणाचा हक्क नाही, पण कॅसेटवरचं ध्वनिमुद्रण उचलू नका, त्याचा हक्क वेगळा असतो. स्वतः गाऊन घ्या.

प्रतिसाद: जुना संकलक

ताई, ट्राम काढा.

बाकी कापायच्या आधी एक करून बघा. संपाचा भाग पूर्ण अ‍ॅनिमेट करताय कशाला? गिरण्या बंद आहेत, साचे (माग) थांबलेत, चिमणीतून धूर नाही. तिथे स्थिर चित्रं ठेवा, कॅमेरा हळूच सरकवा, आवाजात नुसती खानावळीतली भांडी. त्या अडीच लाख माणसांचं काम थांबलं होतं, पडदाही थांबू दे. मग शेवटी भाकरी फुगेल तेव्हा लोक बघतील. ध्वनीवाल्याला पैसे द्या, पण वर्गणी काढून आणि हिशोब सगळ्यांसमोर मांडून. आणि ट्रामवाल्याला ग्रुपवर कळवू नका, फोन करा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री स्टॉपवॉच घेऊन बसले. संपाचा भाग १७० सेकंद, म्हणजे २०४० चित्रं. तुमच्या पद्धतीने ३८ चित्रांत बसतोय. फ्लॅशबॅक गेला की आणखी ९० सेकंद सुटतात. भजन आमच्यातल्या एकीचे वडील गाणार आहेत, पेटीसकट. कागद तयार करतेय, रविवारी सह्या. गेलेल्यांपैकी एकीने लगेच हो म्हटलं, दुसऱ्याने मेसेज वाचून ठेवलाय.

ट्रामवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "६४ ला बंद झाली ते मला माहीत होतं. तुम्ही कुणी काही बोलला नाहीत, म्हणून मी आता डबलडेकर ट्राम करायला घेतली होती."

त्याला पदर दुरुस्तीला बसवलाय.